काशीदची पुळण ते फणसाडचं रान

शाळेच्या पुस्तकात परिसंस्था शिकवायची म्हटली की बहुधा तळ्याचं चित्र येतं. पाण्यात कमळ, बेडूक आणि मासा, काठावर बगळा, वर सूर्य, आणि सगळ्यांना जोडणारे बाण. चित्राखाली दोन रकाने असतात, एक सजीव घटकांचा आणि दुसरा निर्जीव घटकांचा. मुलं दोन्ही पाठ करतात. चित्रात चूक काही नाही, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. ऊन, पाणी, माती, वारा हे निर्जीव घटक त्यात नुसते मागे पडून राहतात. खरं तर एखाद्या जागी कोण जगणार, कोण नाही, हे बरंचसं तेच ठरवतात. आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३५ साली परिसंस्थेची कल्पना मांडली, तेव्हा त्याचा आग्रह हाच होता की जीव आणि त्यांच्या भोवतालचं निर्जीव जग वेगळं काढून अभ्यासता येत नाही; दोन्ही मिळून एकच व्यवस्था होते.

हे समजून घ्यायला तळ्यापेक्षा काशीद बरं. रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, अलिबागहून मुरूडला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं. सुमारे तीन किलोमीटरची फिकट रंगाची पुळण, तिच्या टोकांना काळे खडक, कडेला सुरूची झाडं, मग रस्ता, नारळी-पोफळीच्या वाड्या, भातखाचरं आणि लगेच डोंगर. डोंगरावर फणसाडचं अभयारण्य. उत्तरेला रेवदंड्याची खाडी, दक्षिणेला मुरूडपलीकडे राजपुरीची खाडी. समुद्र, पुळण, खडक, खाडीचा चिखल, वाडी, रान अशा इतक्या वेगवेगळ्या परिसंस्था एवढ्याशा पट्ट्यात एकमेकींना खेटून आहेत. प्रत्येक ठिकाणी उभं राहून आधी एकच प्रश्न विचारावा : इथे जगण्यात अडचण कोणती? अडचण बहुतेक निर्जीव असते. ती कळली की तिथले जीव असे का, हे आपोआप उलगडत जातं.

सुरुवात पुळणीपासून करू. हा सगळा किनारा काळ्या बेसॉल्टचा आहे आणि बेसॉल्ट झिजून पांढरी वाळू होत नाही. वाळूच्या फिकट रंगात मोठा वाटा शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याचा असतो. चिमूटभर वाळू बशीत घेऊन तिच्यावर थोडं व्हिनेगर टाकलं, तर शिंपल्याच्या कणांभोवती बारीक बुडबुडे उठताना दिसतात. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. म्हणजे आपण ज्याला बिनदिक्कत निर्जीव रकान्यात टाकतो, त्या वाळूचा बराच भाग कधीकाळी कुणाचं तरी अंग होता. पुस्तकातले ते दोन रकाने मधून असे झिरपत असतात.

पुळणीची अडचण ही की वाळू जागेवर राहत नाही. प्रत्येक लाट कण उचलते आणि पुन्हा टाकते. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा पुळण खरवडून वाळू समुद्रात ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर शांत लाटा ती हळूहळू परत आणून घालतात. अशा जमिनीत मूळ धरायचं कसं आणि शेवाळानं चिकटायचं कशाला? म्हणून भरतीच्या रेषेखाली हिरवं असं काही दिसत नाही. कुठल्याही परिसंस्थेत उन्हापासून अन्न बनवणारे उत्पादक लागतात. इथे ते डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. वाळूच्या ओल्या कणांना चिकटलेली सूक्ष्म शैवालं आणि लाटांबरोबर येणारे वनस्पतिप्लवक हे इथले उत्पादक. शिवाय मेलेला मासा, खाडीतून वाहून आलेला पाला, समुद्रानं टाकलेली शेवाळं असा आयता माल रोज येतो. पुळण स्वतः फार पिकवत नाही, समुद्र जे आणून टाकेल त्यावर तिथला संसार चालतो.

ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर एका जागी बसून राहावं. थोड्या वेळात बोट जाईल न जाईल एवढ्या भोकातून नखाएवढी कुर्ली बाहेर येते. चिमट्यांनी वाळू उचलून तोंडाशी नेते, कणांवरचं शैवाल आणि जिवाणू गाळून घेते आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून मागे टाकते. मग एक पाऊल पुढे, पुन्हा गोळी. भोकापासून निघणाऱ्या रेघांच्या कडेनं या गोळ्या मांडल्या जातात आणि तासाभरात वाळूवर फुलासारखी नक्षी उमटते. मधली रेघ मात्र मोकळी असते, कारण सावली पडली की त्याच वाटेनं कुर्लीला बिळात धावायचं असतं. भरती परतली की ती हवेचा बुडबुडा सोबत कोंडून बिळाचं तोंड बुजवते. वर पाणी, खाली कुर्ली, मध्ये तिची हवा. पाण्यानं नक्षी पुसली जाते, कणांवर पुन्हा शैवाल धरतं आणि पुढच्या ओहोटीला त्याच वाळूत पुन्हा जेवण तयार असतं.

त्याच्या वर, कोरड्या वाळूत, मोठी बिळं असतात ती देठावर डोळे असलेल्या, अंधार पडला की धावत सुटणाऱ्या फिकट खेकड्यांची. त्यांची अडचण वेगळी. ते हवेत वावरतात, पण श्वास कल्ल्यांनीच घेतात आणि कल्ले ओले ठेवावे लागतात. म्हणून बीळ खाली ओल लागेपर्यंत खणलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वर पाय ठेवता येत नाही, पण हात-दोन हात खाली वाळू गार आणि दमट असते. पुळणीवर गाड्या घालू नयेत असं मी कळकळीनं म्हणतो ते याचसाठी. चाकाखाली खेकडा सापडो न सापडो, दाबलेल्या वाळूत त्याची बिळं ढासळतात आणि कणांमधली पाण्याची, हवेची ये-जा बिघडते. वरून मात्र फक्त टायरच्या खुणा दिसतात.

भरतीच्या रेषेच्या वर मर्यादवेल आणि रावणमिशी दिसते. वाऱ्यानं उडणारी वाळू त्यांच्या पसाऱ्यात अडते, साचते आणि लहानसा उंचवटा तयार होतो. झाडानं स्वतःची जमीन स्वतः गोळा केलेली असते. किनारा ‘साफ’ करताना ही वेल उपटून टाकतात, तेव्हा वाळू अडवणारा सगळ्यात स्वस्त बांध आपणच काढून टाकत असतो.

आता पुळणीच्या टोकाला, खडकांवर. इथे घट्ट धरून राहायला भरपूर जागा आहे, त्यामुळे पुळणीची अडचण इथे नाही. इथली अडचण सुकण्याची. या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत तीन-चार मीटरचा फरक पडतो. किनाऱ्यावरच्या माणसांचा ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणून खडक पाहायचे तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ निवडावी. उधाणाची ओहोटी असल्यानं पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं.

तेव्हा खडकावर आडवे पट्टे दिसतात. सगळ्यात वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी फटींत दाटीनं बसलेल्या असतात. दार लावून घेऊन त्या दिवसचे दिवस काढू शकतात. खालच्या पट्ट्यात खडकाला खरखरीत करणारे बार्नेकल. त्यांना बरेच जण शिंपले समजतात, पण ते कोळंबीचे भाऊबंद. लहानपणी पोहत येऊन डोकं खडकाला चिकटवतात, भोवती चुनखडीची भिंत बांधतात आणि उरलेलं आयुष्य पायांनी पाण्यातलं अन्न ओढून घेत काढतात. त्याखाली कालवं. बायका ओहोटीला टोकदार लोखंडी हत्यारानं वरचं कवच फोडून ती काढतात. आणखी खाली, जिथून पाणी जेमतेम थोडाच वेळ हटतं, तिथे समुद्रफुलं, मऊ जीवांचे हिरवट थर आणि हिवाळ्यात तरारून येणारी शेवाळं.

प्रत्येक जीव किती वेळ उघड्यावर राहू शकतो, त्यावर त्याचा पट्टा ठरतो असं वाटतं. पण ते अर्धंच खरं आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जोसेफ कॉनेल यानं बार्नेकलच्या दोन जातींवर प्रयोग केले आणि १९६१ साली ते प्रसिद्ध केले. वरच्या पट्ट्यातली लहान जात खालीही मजेत जगू शकते, हे त्यानं दाखवलं. फक्त खालची मोठी जात तिला दाबून, उचकटून काढते. ती मोठी जात काढून टाकली की लहान जात खालीही वाढते. मोठी मात्र वर चढू शकत नाही, कारण ती सुकून मरते. म्हणजे अशा खडकावर वरची हद्द बहुतेक ऊन-वारा ठरवतो आणि खालची हद्द शेजारी किंवा शत्रू. निर्जीव घटक दार किती उघडं ठेवायचं ते ठरवतात; आत आल्यावर जागा कुणाला मिळते हे जीव आपसांत ठरवतात. काशीदला असो की फणसाडच्या रानात, परिसंस्थेबद्दल यापेक्षा उपयोगी गोष्ट मला ठाऊक नाही.

खडकातल्या डबक्यांपाशीही थांबावं. ओहोटीच्या सहा तासांत तिथलं पाणी तापतं, आटतं आणि खारट होत जातं. आषाढातली एक सर आली तर तेच पाणी मिनिटांत अळणी होतं. त्यात राहणारा चिमुकला मासा हे सगळं सोसतो. दगड उलटून पाहिला तर तो पुन्हा तसाच ठेवावा, कारण खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासभरही टिकत नाहीत.

खाडीचा चिखल पाहायला राजपुरी किंवा रेवदंड्याकडे जावं लागेल. चिखलाचे कण इतके बारीक की त्यांच्यात हवा शिरत नाही. वरच्या पातळ थराखाली चिखल काळा होतो आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायूविना जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, त्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा तो वास. मुळांना हवा नाही आणि पाणी खारट, अशी दुहेरी अडचण. तिवराची मुळं चिखलातून वर पेन्सिलीएवढे कोंब काढून हवा घेतात. त्याच्या पानाच्या खालच्या बाजूला जीभ लावली तर मीठ लागतं; नको असलेलं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं रोप होऊन मगच खाली पडतं, कारण त्या चिखलात सुट्या बीला रुजायची संधी फार कमी. चिप्पी हे तिसरं झाड. २०२० साली महाराष्ट्रानं त्याला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला.

इथे पुळणीच्या उलट स्थिती आहे. अन्न भरपूर पिकतं, पण हिरवं पान चिवट असल्यानं ते झाडावर फारसं खाल्लं जात नाही. गळलेलं पान खेकडे बिळात ओढतात, बुरशी आणि जिवाणू त्याला मऊ करतात आणि त्या कुजलेल्या चुऱ्यावर कोळंबीची, माशांची पिल्लं पोसतात. विघटक हा शब्द पुस्तकात यादीच्या शेवटी येतो. कांदळवनात सगळा व्यवहार त्यांच्यापासून सुरू होतो. कोळ्यांच्या टोपलीत येणारी कोळंबी आणि चिंबोरी यांचा हिशेब मागे नेला, तर तो बराचसा या सडक्या पानापाशी पोचतो.

पुन्हा काशीदला, सुरूखाली. सुरू मूळचा इथला नाही, लावलेला आहे. निकस वाळूत तो वाढतो, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. आपण ज्यांना पानं समजतो त्या बारीक काड्या खरं तर डहाळ्या. पानं सांध्यांवरच्या खवल्यांएवढीच उरली आहेत, म्हणून पाणी फार उडत नाही. खाली या काड्यांचा जाड थर साचतो आणि त्यातून दुसरं रोप क्वचितच वर येतं. सावली मिळते, वारा अडतो, पण उंडी, भेंडी, करंज, केवडा अशा इथल्या झाडांखाली जेवढा जीव नांदतो तेवढा सुरूखाली नांदत नाही.

रस्ता ओलांडून वाडीत शिरलं की माणसानं घडवलेली परिसंस्था सुरू होते. वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली केळी आणि जायफळ. ऊन एकेका थरात गाळून वापरलं जातं. पण या वाडीचा खरा आधार विहीर, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड पाणी लागतं कसं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जून ते सप्टेंबर या भागात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जमिनीत मुरतो आणि खालून शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण खारं पाणी थोडं जड असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर एकसंध, पाणी झिरपणाऱ्या जमिनीत त्याचा साठा समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत जातो. हिशेब उलटाही तितकाच लागू होतो. पंप लावून पातळी १ मीटर खाली आणली की खालचं खारं पाणी कालांतरानं ४० मीटर वर सरकतं. राहाटानं उपसा होत होता तोवर हा तोल सहज टिकत होता. आज हॉटेलं, बंगले आणि वाड्या एकाच गोड्या पाण्यावर बोअर मारतात, तेव्हा या परिसंस्थेचा सगळ्यात महत्त्वाचा निर्जीव घटक कुणाच्या नजरेला न पडता बदलत जातो. पोफळीचे शेंडे पिवळे पडतात तेव्हा तो दिसतो.

आणि मग डोंगर. फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, म्हणून ते टिकलं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे ७० चौरस किलोमीटर. मुरूड, रोहा आणि अलिबाग या तालुक्यांत ते पसरलं आहे आणि काशीदहून सुपेगावच्या वाटेनं आत जाता येतं. ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ, हिरडा, सावर, आणि झाडावरून झाडावर गेलेली गारंबीची प्रचंड वेल. एवढा पाऊस पडणाऱ्या रानाची अडचण काय असेल? पाणीच. वर्षाचा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून समुद्राकडे पळतो. मार्च ते मे हा खरा कसोटीचा काळ. तेव्हा बरीच झाडं पानं टाकून पाण्याचा खर्च थांबवतात आणि सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या रानातल्या मोजक्या पाणवठ्यांवर येतात. इथे त्यांना ‘गाण’ म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण अशी नावं आहेत. चैत्र-वैशाखात कुठला प्राणी कुठे दिसेल, हे झाडांवरून नाही, गाणीवरून कळतं.

गळलेली पानं पहिल्या पावसात कुजायला लागतात. वाळवी त्यांचे तुकडे वारुळात नेते आणि आत बुरशीची शेती करते. श्रावण-भाद्रपदात वारुळांवर जी अळंबी उगवतात ती त्याच बुरशीची. वाळवी नसती तर हे रान आपल्याच पाल्याखाली गाडलं गेलं असतं. अन्नाच्या पायऱ्या मात्र वर जाताना झपाट्यानं अरुंद होतात. रेमंड लिंडमन यानं १९४२ साली अमेरिकेतल्या एका दलदलीच्या तळ्यावर हा हिशेब मांडला. खालच्या पायरीवरच्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच वरच्या पायरीला मिळतो, बाकीची जगण्यात आणि उष्णतेत खर्च होते. ७० चौरस किलोमीटरच्या रानात बिबटे थोडेच का, याचं उत्तर इथे आहे.

फणसाडात पांढऱ्या पाठीची गिधाडंही आहेत, आणि त्यांची गोष्ट निर्जीव घटकांत आपण काय काय मिसळतो ते सांगते. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरतं आणि ते खाणाऱ्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. २००६ साली भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशभरातली बहुतेक गिधाडं संपली होती. रानाला हात न लावता, गावातल्या गोठ्यातल्या इंजेक्शनानं रानातला सफाई कामगार नाहीसा होऊ शकतो. परिसंस्थेला कुंपण घालता येत नाही, ते असं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा या सगळ्या पट्ट्यावरून एकाच दुपारी गेला, पण त्यानं प्रत्येक ठिकाणी वेगळा परिणाम केला. पुळणीची वाळू तशीही दरवर्षी जाते-येते. तिथल्या जीवांना हलत्या जमिनीची सवय आहे. खडकावरच्या कालवांना वाऱ्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. उथळ मुळांचे सुरू मात्र रांगेनं आडवे झाले. वाड्यांचं नुकसान सगळ्यात खोल होतं, कारण नवीन पोफळ सुपारी धरायला पाच-सात वर्षं घेते, नारळ त्याहून जास्त, आणि वरचं छत्र गेल्यावर खालच्या सावलीत वाढणाऱ्या जायफळाला ऊन सोसत नाही. रानात मोठी झाडं पडली तिथे जमिनीवर एकदम ऊन आलं आणि वर्षानुवर्षं सावलीत खुरटलेल्या रोपांना, वेलींना वाढायची संधी मिळाली. पण शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. फांदीवरून फांदीवर जाण्याची त्याची वाट जिथे तुटली, तिथे नवी रोपं छताला टेकेपर्यंत त्याला लांबच्या झाडांवरून वळसा घेऊनच जावं लागतं.